निरुपायाची तितिक्षा

ज्या शहरांत आम्ही राहतों त्याचें नांव आजवर अनेकदां बदललें आहे. १६१० च्या सुमारास मलिक अंबरानें तें वसविलें तेव्हां तें खडकी होतें; औरंगझेब दक्षिणेचा सुभेदार असतां १६५३ सालीं तें औरंगाबाद झालें; आणि २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखलें जातें. नांवांच्या इतिहासांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु त्यांतील सर्वांत जुन्या नांवानें जी गोष्ट मनांत येते ती चार शतकांत यत्किंचितही बदललेली नाहीं, व ती म्हणजे या भूमीचा खडक. येथें विहीर खणणाऱ्याची पहार हातभर खालीं गेली न गेली तोंच ठणकूं लागते. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून थरावर थर वाहून आलेला हा काळा पाषाण. याच्यांतूनच वेरूळचें कैलास लेणें वरून खालीं कोरून काढण्यांत आलें, आणि याच्याच हट्टामुळें पावसाळा बरा होऊनही फाल्गुन संपतां संपतां आमच्या विहिरी तळ दाखवूं लागतात. पावसाचें वार्षिक मान सातशें मिलिमीटरांच्या आसपास, तेंही मुख्यतः चार महिन्यांत. वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या पलीकडे. कातडी ओलसर राहिल्यावांचून ज्याला जगतां येत नाहीं असा प्राणी अशा प्रदेशांत भर उन्हाळ्यांत उघड्यावर बसत असेल, हें कोणास सहसा खरें वाटणार नाहीं. आम्हांसही गेल्या वर्षीच्या वैशाखापर्यंत वाटलें नव्हतें.

आमच्या घराच्या मागील अंगास दगडी बांधणीचा एक जुना हौद आहे. नळाला कांहीं दिवसांच्या अंतरानें पाणी येतें तेव्हां तो भरून घ्यावयाचा आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवावयाचा, हा येथील बहुतेक घरांप्रमाणें आमचाही क्रम आहे. त्या हौदाच्या बाहेरील भिंतीवर एके सायंकाळीं आमच्या कन्येस चुन्याचा एक सुटलेला पोपडा दिसला. तो काढावयास तिनें बोट पुढें केलें, तों पोपड्यानें डोळे मिटून पुन्हां उघडले. तिची किंकाळी ऐकून आम्ही धांवलों, आमच्या मातोश्री धांवल्या, आणि भांडीं घासावयास येणाऱ्या मावशी हातांतली राख तशीच घेऊन आल्या. "झाडावरचा बेडूक आहे तो," मावशी म्हणाल्या, "काय करीत नाही," आणि परत आपल्या कामास लागल्या.

या बेडकास प्राणिशास्त्रांत पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस असें लांबलचक नांव आहे. १८३० सालीं ग्रे नांवाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन केलें. मॅक्युलेटस म्हणजे ठिपक्यांचा. हे ठिपके मांडीच्या मागल्या बाजूस असतात, पिवळे व वाटोळे. पण बेडूक बसला असतां ते मुळींच दिसत नाहींत, कारण बसतांना तो मांड्या पोटाखालीं घट्ट मिटून घेतो. इंग्रज लोक त्याला चुनाम बेडूक म्हणत. चुनाम म्हणजे आपला चुना. आमच्या कन्येला जो भास झाला तोच त्या नांवालाही जवळचा आहे, हें पाहून तिला मोठें समाधान वाटलें. बोटांच्या टोंकांस लहानशा चकत्या असून त्यांच्या योगानें तो गुळगुळीत भिंतीवर, कांचेवरही, सहज चढतो. कूपमंडूक म्हणून आपण ज्याची हेटाळणी करितों तो निराळा. याला विहिरींत टाकलें तर हा सरळ चढून बाहेर येईल.

बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. तो पोटाच्या व मांड्यांच्या कातडीनें पाणी शोषून घेतो, आणि त्याच कातडीवाटे तें गमावतोही. म्हणजे ज्या द्वारानें मिळकत त्याच द्वारानें खर्च. कोरड्या प्रदेशांतील बेडकांनीं या अडचणींतून नाना वाटा काढल्या आहेत. आमच्याकडील कित्येक जाती मातींत स्वतःस पुरून घेतात व मृगाच्या सरींपर्यंत वर येत नाहींत. झाडबेडकास तो मार्ग नाहीं. त्याचे पाय चढण्याचे आहेत, खणण्याचे नव्हेत. तेव्हां तो आपल्या शरीराचा उघडा भाग कमींत कमी करितो. हातपाय खालीं ओढून घेतो, हनुवटी भिंतीस टेंकतो, डोळे अर्धवट मिटतो, आणि वारा व ऊन यांस आपली केवळ पाठ देतो. पाठीचा रंग दिवसा फिका होतो. एवढ्यावर तो थांबत नाहीं. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत या जातीविषयीं असें नोंदलें आहे कीं, कातडीतून पाझरणारा स्राव तो आपल्या पायांनीं अंगभर पुसून घेतो व त्यामुळें पाण्याचा व्यय कमी होतो. मनुष्यानें अंगाला तेल चोपडावें त्यांतलाच हा प्रकार. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, ॲरिझोना व त्याच्या लगतच्या मेक्सिकोच्या खडकाळ दऱ्यांत, अगदीं निराळ्या कुळांतला एक झाडबेडूक राहतो. झाडाचें केवळ नांव, त्याचें सारें आयुष्य ओढ्याकांठच्या धोंड्यांवर जातें. तोही धोंड्याच्या रंगाचा, तोही असाच अंग मिटून भर दुपारीं उघड्या दगडावर बसलेला. दोघांची कधीं गांठ पडणें शक्य नाहीं. पण खडकानें दोघांस एकच आसन शिकविलें.

आसन हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला. कारण तो बेडूक पाहतांच आमच्या मनांत जें उभें राहिलें तें भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतलें कांसव होतें. कांसव आपले अवयव सर्व बाजूंनीं आंत ओढून घेतें तसा जो आपलीं इंद्रियें विषयांपासून आवरून घेतो त्याची प्रज्ञा स्थिर, असा तेथें दृष्टांत आहे. आमच्या हौदावर तर प्रत्यक्ष स्थितप्रज्ञ बसला होता! तीन आठवडे आम्हीं त्यास रोज पाहिलें. सकाळीं तेथेंच, दुपारीं तेथेंच. रात्रीं किड्यांच्या शोधांत जाई व पहांटे परत येई. हळुहळू आमच्या मनांत एक लेख आकार घेऊं लागला. त्यांत दुष्काळी भूमीच्या या मूक तपस्व्याचें वर्णन येणार होतें, त्याच्या अल्पसंतुष्टतेशीं आजच्या मनुष्याच्या हांवेची तुलना होणार होती, आणि शेवटीं अर्थातच कांहीं बोध. घरांत आम्हीं त्याचा एक उतारा मोठ्यानें वाचूनही दाखविला. मातोश्रींस तो फार आवडला. मावशी ओट्याजवळ भांडीं पुसत होत्या. त्या म्हणाल्या:

"भाऊ, त्याला दुसरं काय करता येतंय? जागा असती तर बसला असता का हितं उन्हात?"

आम्हीं हसून विचारलें, "मग सोसण्याला कांहींच किंमत नाहीं म्हणतां?"

"तसं नाही म्हणत मी. बहात्तरच्या दुष्काळात आमची माय खडी फोडायची. आम्ही लहान होतो. समदे म्हणायचे, लई सोशिक बाई आहे. आता सोशिक म्हणलं की झालं. मग तिला कुणी काही इचारायलाच नको."

तो लेख आम्हीं पुढें लिहिला नाहीं. हा जो लिहीत आहों तो त्याच्या जागीं आहे, आणि यांत त्या बाईंच्या बोलण्याचा विचार केल्यावांचून आम्हांस एक पाऊलही पुढें टाकतां येत नाहीं.

प्रश्न असा आहे. ज्याला दुसरा मार्गच नाहीं त्याच्या सहनशीलतेस सद्गुण म्हणावें काय? आणि म्हणूं नये असें ठरलें, तर आपण ती स्तुति इतक्या आवडीनें कां करितों?

पहिल्या प्रश्नाचा विचार आपल्या वेदांतग्रंथांनीं फार बारकाईनें केला आहे. साधकाच्या अंगीं जे गुण असावे म्हणून सांगितले आहेत त्यांत तितिक्षा हा एक आहे, आणि तिची जी प्रसिद्ध व्याख्या आहे तिचा अर्थ असा कीं, प्रतीकार न करतां, चिंता व विलाप न करतां, सर्व दुःखें सोसणें. या व्याख्येंतील पहिल्या अटीकडे आपण सहसा लक्ष देत नाहीं. प्रतीकार न करतां, असें म्हटलें आहे. प्रतीकार न करतां येऊन, असें नव्हे. ज्याच्या हातीं प्रतीकार आहे आणि जो तो बाजूस ठेवितो, त्याच्याविषयींच 'न करतां' हे शब्द सार्थ होतात. पांगळा मनुष्य मारामारींत पडत नाहीं म्हणून त्याला कोणी अहिंसक म्हणत नाहीं.

याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. आमच्या शहरास ज्या जलाशयाचें पाणी मिळतें तो पैठणचा नाथसागर, १९७६ सालीं पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा. ज्यांच्या नांवानें तो ओळखला जातो ते एकनाथ महाराज सोळाव्या शतकांत तेथेंच गोदावरीच्या कांठीं राहत. त्यांची कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे: ते स्नान करून येत असतां एक मनुष्य त्यांच्या अंगावर थुंके, ते परत जाऊन स्नान करीत, तो पुन्हां थुंके, असें दिवसभर चाललें आणि नाथांच्या मुखावरची शांति ढळली नाहीं. लोकांनीं त्यांस शांतिब्रह्म म्हटलें तें योग्यच म्हटलें. परंतु ही कथा थोर कां वाटते याचा आपण विचार केला आहे काय? एकनाथ हे पैठणांतील प्रतिष्ठित कुळांतले, विद्वान, लोकमान्य पुरुष. त्यांनीं एक शब्द उच्चारला असता तर त्या मनुष्याची धडगत नव्हती. तो शब्द त्यांनीं उच्चारला नाहीं. आतां हीच कथा जरा फिरवून पाहावी. थुंकणारा गांवचा बलाढ्य पाटील, आणि ज्याच्या अंगावर थुंकला तो त्याच्याच शेतावरचा मजूर. तोही मुकाट्यानें नदीवर जातो. त्याच्या मुखावरही कदाचित् तीच शांति दिसते. आपण तिला शांति म्हणूं काय? आणि म्हटलें, तर त्यानें कोणाची सोय होईल?

युरोपांतही हा प्रश्न अशाच रीतीनें उभा राहिलेला दिसतो. स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांत एपिक्टेटस हा जन्मानें गुलाम होता, आणि मार्कस ऑरेलियस हा रोमचा सम्राट. दोघांचा उपदेश जवळजवळ एकच: जें आपल्या हातीं नाहीं त्याविषयीं खेद करूं नये. आम्हांस मात्र दोघांचे ग्रंथ वाचतांना एकच मत वाचीत आहों असें कधींच वाटलें नाहीं. सम्राट जेव्हां स्वतःला हें सांगतो तेव्हां तो स्वतःस आंवरतो. गुलाम सांगतो तेव्हां तो स्वतःस वांचवितो. आणि सम्राटानें हेंच गुलामास सांगितलें, तर? तेंच वाक्य, तेच शब्द, पण मग तें तत्त्वज्ञान राहत नाहीं, हुकूम होतो.

येथवर आमचा विचार मावशींच्या बाजूनें सरळ चालला. परंतु येथें एक मोठी अडचण उभी राहते, आणि तिला बगल देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. निरुपायानें सोसणाऱ्याच्या ठायीं सद्गुण नाहींच असें एकदां ठरविलें, कीं या जगांतील बहुसंख्य लोकांच्या ठायीं सद्गुण नाहीं असें म्हणण्याची पाळी येते. कारण बहुसंख्यांनीं जें सोसलें तें निरुपायानेंच. म्हणजे दारिद्र्यानें त्यांचें सर्वस्व नेलेंच होतें, आतां तत्त्वज्ञानानें त्यांचा मोठेपणाही न्यावा! हें आम्हांस कबूल नाहीं. मावशींना आम्हीं पुढें एकदां त्यांच्या आईविषयीं विचारलें. त्या दुष्काळांत कामावर मुलांना सुकडी मिळे, घरीं तांबड्या मिलोच्या भाकरी. खडी फोडून हातांस फोड येत, ते फुटत, त्यांवर चिंधी बांधून पुन्हां घण उचलावा लागे. हें सारें निरुपायाचें. पण शेजारच्या ढिगावर एक गरोदर बाई होती, तिचें माप भरत नसे. मावशींची आई दिवस मावळतांना आपल्या ढिगांतलीं दोन घमेलीं तिच्या ढिगांत टाकी. हें करावयास तिला कोणी भाग पाडलें नव्हतें. दोन घमेलीं कमी म्हणजे तितकी मजुरी कमी, हें तिला आमच्यापेक्षां अधिक चांगलें समजत होतें.

तेव्हां आम्हांस असें वाटतें कीं, सद्गुण सोसण्यांत नव्हताच. तो त्या दोन घमेल्यांत होता. निरुपायाच्या चार भिंतींच्या आंतही वीतभर जागा मोकळी राहते, आणि तेथें मनुष्य काय करितो तें त्याचें स्वतःचें असतें. लोकांनीं त्या बाईस सोशिक म्हटलें. म्हणजे जें तिच्यावर लादलें गेलें त्याबद्दल तिची वाहवा केली, आणि जें तिनें आपण होऊन केलें तें कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं. स्तुति करणाऱ्यांची दृष्टि नेमकी चुकीच्या जागीं कां पडावी? याचें उत्तर, आम्हांस भीति वाटते, सरळ आहे. घमेल्यांकडे पाहिलें असतें तर पाहणाऱ्याला स्वतःच्या ढिगाकडेही पाहावें लागलें असतें.

उलट, ज्यांनीं सोशिकपणाची स्तुति करण्याचें नाकारलें त्यांच्या हातून कांहीं घडलें हेंही नमूद केलें पाहिजे. काम मागणाऱ्यास काम मिळणें ही दया नव्हे, तो हक्क होय, हा विचार वि. स. पागे यांनीं चिकाटीनें मांडला. १९७२ च्या अनुभवानें त्यास जोर आला. आणि १९७७ सालीं महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला. त्या कायद्याच्या अंमलबजावणींत पुढें काय काय झालें हा वेगळा विषय आहे. पण खडी फोडणाऱ्यांस तपस्वी म्हणून नमस्कार करणाऱ्यांकडून असला कायदा होणें शक्य नव्हतें.

आतां बेडकाकडे वळूं. बेडकास मोकळी जागा वीतभरही नाहीं. तो अंग मिटतो, स्राव पुसतो, तें सर्व देहाचें काम आहे. त्यांत निवड नाहीं, म्हणून त्यांत गुण नाहीं आणि दोषही नाहीं. त्यास स्थितप्रज्ञ म्हणणें हा आमचा खेळ होता. ऋग्वेदांतील मंडूकसूक्तांत वर्षभर मौन धरून पाऊस पडतांच बोलूं लागणाऱ्या बेडकांस व्रतस्थ ब्राह्मणांची उपमा दिली आहे. त्यांत कवीचा आनंद आहे, कोणी तिला थट्टाही म्हणतात, आणि ती तशीच घ्यावी. पण आमच्याकडील खेड्यांत अवर्षण पडलें कीं धोंडी काढण्याची जी चाल होती व कोठें कोठें अजून आहे, ती पाहावी. मुलाच्या अंगाला कडुनिंबाचा पाला गुंडाळतात, मुसळास एक जिवंत बेडूक बांधतात, आणि घरोघर पाणी मागत फिरतात. भावना अशी कीं पाण्यावांचून तळमळणारा तो जीव पाहून मेघास दया यावी. आमच्या मनांत येतें, आपण सोशिक माणसांचेंही नेमकें हेंच करीत नाहीं ना? त्यांस मुसळाला बांधून मिरवितों, जगाचें हृदय द्रवावें म्हणून; आणि मिरवणूक चालू असतां त्यांच्या अंगावर कोणी तांब्याभर पाणी ओतलें, तर तेवढ्यानें त्यांची सुटका झाली असें समजतों.

गुण नाहीं, तर मग त्याच्याविषयीं आपलें कांहीं कर्तव्य आहे कीं नाहीं? येथें लोक नेहमीं दोन कारणें पुढें करितात. एक उपयुक्ततेचें: बेडूक पिकावरचे किडे खातो; त्यांच्या तंगड्यांची परदेशीं होणारी निर्यात भारतानें १९८७ सालीं बंद केली त्यास हें एक कारण होतें. दुसरें दुर्मिळतेचें: २०२३ सालच्या जागतिक पाहणीप्रमाणें बेडूक व त्यांचे भाऊबंद यांच्या शंभरांतील सुमारें एकेचाळीस जाती धोक्यांत आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण आमच्या हौदावरची जात त्या एकेचाळिसांत नाहीं. ती भारतभर पुष्कळ आहे. आणि आमच्या घरामागें पीकही नाहीं. दोन्ही आधार काढून घेतल्यावर भिंतीवर उरतो तो एक बेडूक, ज्याच्यावांचून जगाचें कांहीं अडत नाहीं. कर्तव्याचा प्रश्न खरा तेथेंच सुरू होतो.

अजिंठ्याच्या लेण्यांत ज्या भिक्षूंचा वास होता त्यांच्या नियमांत वर्षावास हा एक नियम असे. पावसाळ्याचे महिने भिक्षूनें एका जागीं राहावें, प्रवास करूं नये. या नियमाचें जें कारण विनयग्रंथांत दिलें आहे तें मोठें साधें आहे: पावसांत भिक्षु हिंडत असल्यानें कोंवळें गवत व लहान लहान जीव पायांखालीं तुडविले जातात, अशी लोकांनीं तक्रार केली. वेरूळच्या जैन लेण्यांतील मुनींचा चातुर्मासही याच विचाराचा. त्यांत त्या लहान जीवांचा कोठें गौरव नाहीं, उपयोगाचा हिशेब नाहीं, त्यांच्यापासून घेण्याचा बोध नाहीं. ते वाटेंत आहेत, आणि आपला पाय मोठा आहे, एवढेंच. आम्हांस हा विचार फार निर्मळ वाटला, आणि त्याच्या भरांत आमच्याकडून जें झालें तें आतां सांगितलें पाहिजे.

ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला मोठा पाऊस झाला. त्या रात्रीं हौदाकडून लांकडावर कोणी टिचक्या मारीत असावें तसा टक्‌टक्‌ आवाज येऊं लागला. आमचा मुका तपस्वी मादीस हांका मारीत होता. तिसऱ्या सकाळीं हौदाच्या आंतील भिंतीवर, पाण्याच्या हातभर वर, लिंबाएवढ्या नव्हे, चांगल्या पेरूएवढ्या आकाराचा पांढरा फेंसाचा गोळा चिकटलेला दिसला. मादी आपला स्राव मागल्या पायांनीं घुसळून हा फेंस करिते व त्यांत अंडीं घालते. वरचा थर सुकून कडक होतो, आंत ओलावा टिकतो. कांहीं दिवसांनीं अंडीं फुटून पिलें खालच्या पाण्यांत पडतात आणि पुढें कित्येक आठवडे पाण्यांतच वाढतात. उन्हाळाभर ज्या प्राण्यानें थेंबाथेंबाचा हिशेब ठेवला त्यानें पहिल्याच पावसांत तो सारा संचय पोरांच्या घरावर उधळला होता.

हौद त्या आठवड्यांत उपसून घासावयाचा होता. दर पावसाळ्याच्या आरंभीं तो घासला जातो. आम्हीं तें काम थांबविलें. अंडीं फुटलीं, पन्नास-साठ काळीं पिलें पाण्यांत वळवळूं लागलीं. आम्हीं घरांत ताकीद दिली कीं हौदाला कोणी हात लावावयाचा नाहीं. पिण्याचें व वापरण्याचें पाणी स्वतंत्र टाकींत भरून घेतलें जाईल. मातोश्रींनीं कुरकुर केली, ती आम्हीं वर्षावासाची कथा सांगून शमविली. चार स्नेह्यांना आम्हीं तीं पिलें कौतुकानें दाखविलीं. त्यांनीं आमच्या भूतदयेची प्रशंसा केली, ती आम्हीं नम्रपणें ऐकून घेतली.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. पाऊस पहिली हजेरी लावून दडी मारून बसला होता, आणि नळाची पाळीही लांबली होती. एके दुपारीं मावशी काम आटोपून जावयास निघाल्या, दाराशीं थबकल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? हौदातलं पाणी तुम्ही वापरीत नाही तर दोन हंडे मी घेऊन जाऊ का? पिल्लांना राहील तेवढं ठिवते. आमच्याकडं टँकर आला नाही चार दिस झाले."

मावशी आमच्याकडे अकरा वर्षें येत आहेत. रोज दोन वेळ आमचीं भांडीं आमच्या पाण्यानें घासून त्या घरीं जातात. त्या घरांत पाणी किती असतें, कोठून येतें, हें आम्हीं अकरा वर्षांत एकदांही विचारलें नव्हतें. बेडूक आपल्या कातडीनें पाणी कसें वांचवितो हें मात्र आम्हीं तीन आठवडे अभ्यासिलें होतें.

एकनाथांची दुसरी एक कथा आहे. रामेश्वरास न्यावयाच्या कावडींतलें गंगाजल त्यांनीं वाळवंटांत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत घातलें. लहानपणापासून ती आम्हांस पाठ आहे. त्या दुपारीं प्रथमच आमच्या लक्षांत आलें कीं त्या कथेंत गाढवास कांहीं मागावें लागलें नव्हतें.

आम्हीं काय उत्तर दिलें तें सांगण्यासारखें नाहीं. कांहीं तरी गोंधळल्यासारखें बोललों. मावशींनीं दोन हंडे भरले, दुसऱ्या दिवशीं आणखी दोन. नळ आल्यावरही, टँकर चुकेल त्या दिवशीं त्यांनीं हवें तितकें पाणी न्यावें असें ठरलें, म्हणजे आमच्या कन्येनें ठरविलें व आम्ही हो म्हणालों. पाणी खालीं गेलें तेव्हां मावशींनींच एक जुनें मोठें घमेलें आणलें, पिलें ओंजळीनें त्यांत काढलीं आणि तें पारिजातकाखालीं सावलींत ठेविलें. बरींच मेलीं. कांहीं कावळ्यांनीं नेलीं. श्रावणाच्या मध्यास बोटाच्या पेराएवढे सात बेडूक घमेल्याच्या कांठावर चढून बसले होते, आणि दोन दिवसांत दिसेनासे झाले. त्या वेळीं हौदही घासून झाला होता.

हें सारें घडून एक वर्ष होऊन गेलें. या वैशाखांत हौदाच्या भिंतीवर कोणी दिसलें नाहीं. भांडीं घासतां घासतां मावशींनींच एकदां विचारलें, "भाऊ, तुमचा तो कुठं गेला?" आम्हीं भिंत पाहिली, मग झांकण सरकवून आंत पाहिलें. तळाशीं चार बोटें पाणी होतें, आणि नळाला अजून दोन दिवस होते.